सांधा दिसू नये म्हणून

दादर-गिरगावातल्या जुन्या इमारतींत आणि गोव्यातल्या जुन्या घरांत सिमेंटच्या रंगीत लाद्या अजून टिकून आहेत. त्यातली एक लादी सुटी हातात घेतली तर नक्षी अशी काही दिसतच नाही. एका कोपऱ्यात पाव वर्तुळ, समोरच्या कोपऱ्यात अर्धी पाकळी, मधून तिरकी गेलेली एक पट्टी. अशा चार लाद्या एकेक वळण देऊन शेजारी-शेजारी बसवल्या की चौघींच्या मध्ये फूल पुरं होतं. सोळा बसवल्या की फुलांमधल्या जागेत चांदणी दिसायला लागते. ती चांदणी कुणी काढलेली नसते.

मुंबईची ‘भारत फ्लोअरिंग्ज’ ही कंपनी १९२२ पासून अशा लाद्या बनवते आहे. साच्यात धातूच्या पट्ट्यांनी पाडलेले कप्पे असतात. त्यात रंगीत सिमेंट ओतायचं, पट्ट्या अलगद उचलायच्या, वर साधं सिमेंट भरायचं आणि दाबयंत्राखाली दाबायचं. भट्टीचं काम नाही. लादीचा नक्षीकार फरशी कधी काढत नाही. तो आठ इंचांचा एक चौकोन काढतो, आणि हा चौकोन खोलीभर पसरला की त्याचं काय होईल हे त्याला आधीच ओळखावं लागतं.

सेबास्तियाँ त्रुशे नावाच्या फ्रेंच धर्मगुरूचा १७०४ सालचा एक शोधनिबंध याच प्रश्नावर आहे. त्याची लादी अगदी साधी होती. कर्णावर दोन भाग, एक गडद आणि एक फिका. ही लादी चार दिशांना वळवता येते, म्हणजे चार लाद्यांच्या चौकात ४ × ४ × ४ × ४ = २५६ मांडण्या होतात. त्यातल्या काही वळवून पाहिल्या तर सारख्याच निघतात, तरीही उरतात त्या पुष्कळ. दोन त्रिकोणांच्या लादीतून इतकं निघत असेल, तर वेलबुट्टी काढणाऱ्यापुढे किती मोठं मैदान मोकळं आहे याची कल्पना करावी.

आज हे काम संगणकावर होतं. साड्या, पडदे, भिंतीवरचे कागद, मिठाईच्या खोक्यांचं वेष्टन, लग्नपत्रिकेची पार्श्वभूमी, मोबाइलच्या पडद्यामागचं चित्र, हे सगळं एका छोट्या तुकड्याच्या पुनरावृत्तीतून तयार होतं. या धंद्यात त्या तुकड्याला ‘रिपीट’ म्हणतात. तुकडा तुकड्याला जोडला जातो तिथे सांधा येतो, आणि हा सांधा दोन जागी असतो. एक कडेवर, जिथे अर्धी पाकळी दुसऱ्या अर्ध्या पाकळीला भेटते. दुसरा नजरेत, जिथे बघणाऱ्याला लगेच उमजतं की तेच ते पुन्हा आलं आहे. पहिला आकडेमोडीने मिटतो आणि सॉफ्टवेअर त्यात मनापासून मदत करतं. दुसऱ्याच्या बाबतीत सॉफ्टवेअरला काही कळत नाही. नवशिक्यांचा सगळा वेळ पहिल्या सांध्यावर जातो, आणि तो जमला की काम झालं असं त्यांना वाटतं. बाजारातल्या बऱ्याच कंटाळवाण्या नक्षींचं मूळ इथेच आहे.

आधी साधनांबद्दल थोडं. फोटो म्हणजे रंगीत ठिपक्यांची जाळी. व्हेक्टर चित्रात ठिपके नसतात, रेषेचं सूत्र साठवलेलं असतं. एका वक्राला चार बिंदू पुरतात. दोन टोकांचे, आणि दोन रेषेला आपल्याकडे ओढणारे. फ्रान्समधल्या रेनॉ कंपनीत मोटारींच्या पत्र्याचे बाक आखण्यासाठी पिएर बेझिए यांनी ही पद्धत रुळवली, म्हणून त्या रेषांना बेझिए वक्र म्हणतात. असं चित्र बोटभर छापा की भिंतभर, कड तुटत नाही. ॲडोबीचं इलस्ट्रेटर १९८७ साली आलं आणि कोरलड्रॉ त्यानंतर दोन वर्षांनी. आपल्याकडच्या छपाईच्या दुकानांत अजून कोरलचंच राज्य आहे. इंकस्केप २००३ पासून आहे, ते फुकट आहे आणि साध्या लॅपटॉपवर चालतं. त्याची फाइल एसव्हीजी या खुल्या स्वरूपात असते. २००१ साली ठरलेल्या त्या स्वरूपातच ‘पॅटर्न’ नावाची सोय आहे. एक तुकडा द्यायचा, लांबी-रुंदी सांगायची, आणि कुठलाही आकार त्या तुकड्याने भरून निघतो. त्यातली एक अट मात्र माहीत हवी. तुकड्याच्या चौकोनाबाहेर जे जातं ते कापलं जातं.

एक तुकडा पूर्ण करून पाहू. २५० बाय २५० एककांचा चौकोन घ्या. त्यात सदाफुलीची पाच फुलं बसवायची आहेत, प्रत्येकाची त्रिज्या ४०. ती कुठे बसवायची? मनाला येईल तिथे टाकली तर दोन एकमेकांना चिकटतात आणि एकीकडे ओसाड मैदान पडतं. इथे विणकरांची एक जुनी युक्ती कामाला येते. चौकोनाचे उभे पाच आणि आडवे पाच भाग करा, म्हणजे ५० एककांची पंचवीस घरं होतील. पहिल्या उभ्या रांगेत वरून पहिल्या घरात फूल, दुसऱ्या रांगेत तिसऱ्या घरात, तिसऱ्या रांगेत पाचव्या, चौथ्या रांगेत दुसऱ्या आणि पाचव्या रांगेत चौथ्या. क्रम झाला १, ३, ५, २, ४. दर रांगेला दोन घरं खाली उतरायचं, पाच संपली की पुन्हा वरून मोजायचं. पाच धाग्यांच्या साटीन विणीत ताणा-बाणा एकमेकांना नेमके याच क्रमाने छेदतात, म्हणून साटीनवर तिरक्या ओळी उठून दिसत नाहीत.

या क्रमाने दोन फुलं कधी एका ओळीत येत नाहीत, आडव्या नाही आणि उभ्याही नाही. आणखी एक गोष्ट आपोआप साधते. प्रत्येक फुलाला सगळ्यात जवळची अशी चार फुलं मिळतात, आणि चारही सारख्याच अंतरावर असतात, केंद्रापासून केंद्रापर्यंत सुमारे ११२ एककं. दोन त्रिज्यांचे ८० वजा केले की मध्ये ३२ ची मोकळी जागा उरते. कळी, पान, ठिपका, काय हवं ते तिथे टाका. फुलं जास्त हवी असतील तर आठ घरांचा चौकोन घ्या आणि तीन-तीन घरं उतरा: १, ४, ७, २, ५, ८, ३, ६. सहाचा चौकोन मात्र घेऊ नका. दोन, तीन किंवा चार घरं उतरलात तर पाचवी रांग येण्याआधीच पहिल्या घरात परत येता, आणि पाच उतरणं म्हणजे उलट बाजूने एकेक चढणं, त्याने सरळ तिरकी रेघ तयार होते. सहा धाग्यांची नियमित साटीन वीण होत नाही, हे कापड शिकणाऱ्या मुलांना पहिल्याच वर्षी सांगतात.

आता कडा. डावीकडून आणि वरून मोजलं तर पाच फुलांची केंद्रं अशी येतात: (२५, २५), (७५, १२५), (१२५, २२५), (१७५, ७५) आणि (२२५, १७५). दुसरं आणि चौथं फूल चौकोनाच्या आत सुखरूप आहे. तिसरं खालच्या कडेबाहेर १५ एककं डोकावतं. बाहेरचा तो तुकडा कापला जाणार, म्हणून तो वरच्या कडेतून आत यायला हवा. त्याची एक प्रत बरोबर २५० एककं वर सरकवा, ती (१२५, −२५) वर बसेल. पाचवं उजव्या कडेबाहेर जातं, त्याची प्रत २५० डावीकडे, (−२५, १७५) वर. पहिल्या फुलाची भानगड मोठी आहे. ते डावी कडही ओलांडतं आणि वरचीही, म्हणजे कोपऱ्यावरच बसलं आहे. त्याला चारही कोपऱ्यांत हजेरी लावावी लागते: (२५, २५), (२७५, २५), (२५, २७५), (२७५, २७५). पाच फुलांसाठी एकूण दहा झाली. नवशिके इथे कोपऱ्याची चौथी प्रत हमखास विसरतात, आणि मग कापडावर ठरावीक अंतराने चतकोर पाकळी गायब दिसते.

प्रती माउसने ओढून अंदाजाने बसवू नयेत. सरकवण्याच्या चौकटीत २५० हा आकडा टाईप करावा. पडद्यावर तंतोतंत वाटणारी जुळणी दशांश चिन्हानंतर चुकलेली असते, आणि मीटरभर कापडावर ती चूक दर तुकड्याला पुन्हा पुन्हा समोर येते. रेषेच्या जाडीचाही एक सापळा आहे. चौकोनाला एक एकक जाडीची बाह्यरेषा असली तर अर्धी जाडी आत आणि अर्धी बाहेर पडते, म्हणजे दिसण्यात तो २५१ चा होतो. इंकस्केपमध्ये आकाराचं माप दोन तऱ्हांनी घेता येतं, रेषेच्या जाडीसकट किंवा जाडी वगळून, आणि न विचारता ते पहिल्या तऱ्हेने घेतं. इलस्ट्रेटरमध्येही अशीच निवड आहे. नक्षीच्या कामात जाडी वगळूनच माप घ्यावं, आणि तुकड्याच्या चौकोनाला बाह्यरेषा ठेवूच नये.

इलस्ट्रेटरमध्ये पूर्वी हे सगळं हातानेच करायचं असे. सगळ्यांच्या मागे रंग नसलेला, रेषा नसलेला अदृश्य चौकोन ठेवायचा आणि तोच तुकड्याची हद्द ठरवायचा. २०१२ च्या सीएस६ आवृत्तीत नक्षीसाठी वेगळी खोलीच मिळाली. मधला तुकडा काढत जा, आजूबाजूच्या प्रती आपोआप बदलत जातात, आणि कडेबाहेर गेलेली पाकळी सॉफ्टवेअर स्वतः सांभाळतं. सोय उत्तम आहे. तरी वरची दहा फुलांची कसरत एकदा हाताने करून पाहावी असं माझं मत आहे, कारण पुढे काही बिघडलं तर कुठे बघायचं हे त्यामुळे कळतं.

आणि काही ना काही बिघडतंच. सगळे आकडे बरोबर असूनही पडद्यावर दोन तुकड्यांमध्ये केसाएवढी पांढरी रेघ दिसते. या रेघेने कितीजणांची झोप उडवली असेल ते सांगता यायचं नाही. कारण असं आहे. पडदा चौकोनी ठिपक्यांचा आहे, आणि तुकड्याची कड नेमकी एखाद्या ठिपक्याच्या मधून गेली की सॉफ्टवेअर त्या ठिपक्याला निम्मा रंग देतं. कडा दातेरी दिसू नयेत म्हणून ही युक्ती असते. समजा निळी पार्श्वभूमी आहे. डावा तुकडा ठिपक्याचा अर्धा भाग व्यापतो, म्हणून पांढऱ्यावर ५० टक्के निळा चढतो. मग उजवा तुकडा येतो आणि उरलेला अर्धा भाग भरायला जातो. पण कुठला अर्धा आधीच भरला आहे हे सॉफ्टवेअरच्या लक्षात राहत नाही. ते आहे त्या मिश्रणावर पुन्हा ५० टक्के निळा चढवतं. राहिलेल्या ५० टक्के पांढऱ्यातला निम्मा झाकला जातो, निम्मा तसाच उरतो. हिशेब होतो ७५ टक्के निळा आणि २५ टक्के पांढरा. हाच पाव भाग पांढरा म्हणजे ती रेघ.

तेव्हा रेघ दिसली की घाबरून तुकड्याचं माप बदलू नका. आधी चित्र लहान-मोठं करून बघा. रेघ कधी दिसते, कधी नाहीशी होते, पण तिची जाडी वाढत नाही, असं असेल तर ती पडद्याची करामत आहे. छपाईत ती बहुतेक वेळा येत नाही. चित्राबरोबर रेघही जाड झाली तर मात्र मापातच चूक आहे. वेबसाइटसाठी ठिपक्यांची फाइल काढायची असेल तर तुकड्याची कड पूर्ण ठिपक्यावर संपेल असंच माप ठेवावं. २५० चालेल, २५०.४ चालणार नाही. सगळ्यात पक्का उपाय म्हणजे पार्श्वभूमीचा रंग तुकड्यात ठेवायचाच नाही. तो खाली एकसंध मोठ्या चौकोनात द्यावा आणि वरच्या तुकड्यात फक्त फुलं-पानं असावीत. मग सांध्यातून डोकावायला पांढरं राहतच नाही.

इथवर पहिला सांधा झाला. आता तुकडा चार बाय चार पसरवा आणि चार पावलं मागे सरा. फुलं नीट जुळलेली आहेत, एकही पाकळी तुटलेली नाही, आणि तरी कापडभर तिरके रस्ते पडलेले दिसतात. एखादं फूल इतरांपेक्षा थोडं गडद असेल तर तेवढंच डोळ्यात भरतं आणि त्याची चौकटीची जाळी उठून येते. तुकड्यात एक लाल टिकली असेल तर हजार टिकल्या आधी दिसतात, फुलं नंतर. डोळा मोजायला लागला की नक्षी हरली. आपला साटीनचा क्रमसुद्धा इथे पुरत नाही. तो खरं पाहता थोडी कललेली चौरस जाळीच आहे, आणि पाचही फुलं एकाच तऱ्हेने ठेवली तर ती जाळी लगेच दिसते. प्रत्येक फूल थोडं वेगळं वळवावं, दोन-तीन फुलांच्या पाकळ्या बदलाव्यात, एक पाठमोरं काढावं. सदाफुलीला पाच पाकळ्या असल्याने ७२ अंश वळवलं तर ती पुन्हा होती तशीच दिसते. १०, २५, ४० अशी वळणं द्यावीत. ७२ ची पट घेऊन उपयोग नाही.

या दुसऱ्या सांध्याचा सगळ्यात मोठा जाणकार विल्यम मॉरिस. एकोणिसाव्या शतकातला इंग्रज कवी, समाजवादी आणि कागद-कापडाचा नक्षीकार. भिंतीच्या कागदासाठी त्याने १८६२ साली पहिली नक्षी काढली ती ‘ट्रेलिस’, मांडवावर चढलेल्या गुलाबाची. त्यातले पक्षी त्याच्या वास्तुविशारद मित्राने, फिलिप वेबने काढले. रचना इतकी झाकावी की बघणाऱ्याला पुनरावृत्ती मोजावीशीच वाटू नये, असं मॉरिसचं म्हणणं होतं. गंमत म्हणजे त्याची सगळ्यात गाजलेली नक्षी, १८८३ ची ‘स्ट्रॉबेरी थीफ’, या नियमाला धाब्यावर बसवते असं वाटतं. केल्म्सकॉटच्या आपल्या घराच्या बागेत स्ट्रॉबेऱ्या पळवणारे थ्रश पक्षी त्याने जोडीजोडीने समोरासमोर बसवले आहेत, आरशात दिसावं तसे. पुनरावृत्ती लपवलेली नाही. पण पक्ष्यांच्या मागे पानं, देठ, फुलं इतक्या दाटीने भरली आहेत की डोळा एका पक्ष्यावरून दुसऱ्यावर उडी मारण्याऐवजी पानांतूनच चालत जातो. दोन बुट्ट्यांमधल्या जागेवर मॉरिसने जितके कष्ट घेतले तितके आजचे बहुतेक लोक बुट्टीवरही घेत नाहीत. सॉफ्टवेअरमध्ये जागा रिकामी सोडणं फार सोपं असतं, म्हणून ती रिकामी राहते.

मॉरिसच्या काळी एक ढोबळ पण गुणकारी तोडगा रूढ होता. शेजारची पट्टी अर्ध्या तुकड्याने खाली सरकवायची. अंगभर बुट्टीच्या साडीत एका ओळीतली बुट्टी वरच्या ओळीतल्या दोन बुट्ट्यांच्या मधोमध येते, तोच हा प्रकार, फक्त आडव्याऐवजी उभा. इंग्लंडात भिंतीच्या कागदाची पट्टी २१ इंच रुंद असायची. अर्ध्याने सरकवलं की तीच नक्षी आडव्या ओळीत ४२ इंचांनी परत येते, म्हणजे दुप्पट रुंद ठसा न कोरता दुप्पट रुंदीचा परिणाम मिळतो. इलस्ट्रेटरमध्ये यासाठी विटांची मांडणी नावाचा पर्याय आहे, ओळीने किंवा रकान्याने. एसव्हीजीची तुकडा-भरणी मात्र सरळ चौकटीतच चालते. तिथे तुकडा दुप्पट रुंद घेऊन त्यात दोन प्रती ठेवायच्या, दुसरी अर्ध्या उंचीने खाली. आपल्या चौकोनाचा मग ५०० बाय २५० चा आयत होतो.

तुकडा नुसता सरकवायचा, की वळवायचा, की आरशात पाहायचा? या तिन्हींच्या जोड्या लावून सपाट पृष्ठभागावर दोन दिशांना पसरणाऱ्या नक्षीचे किती प्रकार होतात, तर बरोबर सतरा. एकही जास्त नाही. रशियन स्फटिकशास्त्रज्ञ येवग्राफ फेदोरोव यांनी १८९१ साली हे सिद्ध केलं, पण पश्चिमेत ते फारसं पोचलं नाही. १९२४ साली ज्यॉर्ज पोल्या यांनी स्वतंत्रपणे तोच निष्कर्ष काढला आणि निबंधात प्रत्येक प्रकाराचं एकेक चित्र दिलं. ते चित्रांचं पान पुढे भलत्याच माणसाच्या कामी आलं. डच चित्रकार मॉरिट्स एशर याने स्पेनमधल्या ग्रनाडाचा अल्हाम्ब्रा महाल १९२२ आणि १९३६ साली पाहिला होता. तिथल्या भिंतींवरच्या नक्षींच्या नकला करून आणल्या होत्या, पण त्यामागचा कायदा त्याला सापडत नव्हता. त्याचा सावत्र भाऊ लायडनला भूशास्त्राचा प्राध्यापक होता. त्याने स्फटिकशास्त्रातले काही लेख सुचवले, त्यात पोल्यांचा हा निबंध होता. गणित एशरला कळलं नाही, चित्रं कळली. त्याने सतराही उतरवून घेतली आणि मग पक्षी, मासे, सरडे एकमेकांत अडकवायला बसला.

इंकस्केपमध्ये क्लोनच्या मेनूत लाद्यांच्या मांडणीची एक चौकट आहे. तिच्यातल्या सममितीच्या यादीत हे सतरा प्रकार क्रमाने दिलेले आहेत: पी१, पी२, पीएम, पीजी, असं करत पी६एमपर्यंत. एक वेडावाकडा त्रिकोण काढा, एकेक प्रकार निवडा आणि बघत बसा. पी१ मध्ये तो नुसता सरकतो. पी४ मध्ये चार-चारच्या गटात गरगर फिरतो, बऱ्याच जुन्या लाद्यांचा हाच प्रकार. पीजी मध्ये उलटा होऊन अर्धं पाऊल पुढे जातो, ओल्या वाळूत उमटलेल्या डाव्या-उजव्या पावलांसारखा. या प्रती मूळ आकाराशी बांधलेल्या असतात. मूळ त्रिकोणाचा एक बिंदू ओढला की शंभर त्रिकोण एकदम हलतात. पोल्यांच्या निबंधात जे एका पानावर होतं ते इथे हाताखाली हलतं आहे, आणि मला तरी हा फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमधला सगळ्यात श्रीमंत कोपरा वाटतो. त्याची जाहिरात कुणी करत नाही, हे नवलच आहे.

त्या यादीत फिरण्याचे प्रकार २, ३, ४ आणि ६ एवढेच दिसतील. ५ नाही, कारण पाचपट फिरकीची जाळी स्वतःची पुनरावृत्ती करत सपाट पृष्ठभाग भरूच शकत नाही. सदाफुली किंवा जास्वंद नक्षीत खुशाल काढा, फूल पाच पाकळ्यांचं असू शकतं. पण संपूर्ण नक्षी एक पंचमांश वळवून पुन्हा तशीच दिसावी, हे शक्य नाही. पुनरावृत्तीची अटच सोडली तर गोष्ट वेगळी. रॉजर पेनरोझ यांनी १९७४ साली पाचपट सममितीच्या, कधीच पुन्हा तशाच न येणाऱ्या लाद्या दाखवल्या. २०२३ साली डेव्हिड स्मिथ या हौशी इंग्रज माणसाने शोधलेली तेरा बाजूंची एकच लादी पुनरावृत्ती न करता सपाट पृष्ठभाग भरते असं सिद्ध झालं. कापड छापणाऱ्याला मात्र तिचा उपयोग नाही, कारण त्याचा सिलिंडर फिरून पुन्हा पहिल्या जागी येतोच.

आरशाबद्दल एक सावधगिरी. आरशाची सममिती वापरायला सगळ्यात सोपी आणि फसवी. वेल उलटवून शेजारी ठेवली की लगेच भरीव, राजेशाही वाटायला लागते. पण मधल्या रेषेवर दोन पानं एकमेकांसमोर आली की त्यांचे डोळे होतात, खालच्या कळीचं नाक होतं, आणि पडदाभर राक्षसाची तोंडं तुमच्याकडे बघत राहतात. नक्षी करणाऱ्याला ती दिसत नाहीत, कारण तो पानं बघत असतो. तुकडा उलटा करून, रंग काढून काळा-पांढरा करून पाहिला की चेहरा झटकन दिसतो. पाहुण्यांच्या खोलीचा पडदा करायचा असेल तर हे आधीच पाहून घेतलेलं बरं.

शेवटी छपाई, कारण फाइल कितीही सुंदर असली तरी यंत्राचं माप ठरलेलं असतं. रोटरी स्क्रीनची कापडछपाई हॉलंडच्या स्टॉर्क कंपनीने १९६३ साली बाजारात आणली. निकेलचा पातळ, भोकाभोकांचा सिलिंडर फिरतो आणि आतून रंग कापडावर उतरतो. सिलिंडरचा परीघ सर्वसाधारणपणे ६४ सेंटीमीटर असतो, म्हणून तुमच्या तुकड्याची उंची ६४ ला पूर्ण भाग जाणारी हवी: ६४, ३२, २१.३३, १६, १२.८. तुम्ही २५ सेंटीमीटरचा तुकडा केला असेल तर तो अडीच वेळा बसतो आणि थोडा उरतोही, म्हणजे बसतच नाही. तो २१.३३ वर आणावा लागेल. व्हेक्टरमध्ये हे क्षणाचं काम आहे आणि कडेला काही होत नाही. मात्र आकाराबरोबर रेषेची जाडीही कमी होऊ देणारा पर्याय चालू आहे ना, हे पाहावं. नाहीतर फुलं लहान होतात आणि देठ तेवढेच जाड राहतात. प्रत्येक रंगाला वेगळा सिलिंडर लागतो, तेव्हा निळ्याच्या अकरा छटा वापरण्याआधी त्याचा खर्च कोण देणार ते विचारून घ्या. शेजारी-शेजारी येणारे दोन रंग किंचित एकमेकांवर चढवावे लागतात, नाहीतर कापड हललं की मध्ये पांढरं दिसतं. डिजिटल छपाईत सिलिंडर नाही, त्यामुळे ६४ चं बंधनही नाही. तिथे मोठा तुकडा घ्या आणि पुनरावृत्ती लांबवा.

सोलापुरी चादरीसारखं जॅकार्ड मागावरचं विणकाम असेल तर व्हेक्टरचा वक्र तिथे पोचतच नाही. तिथे दर छेदाला एकच प्रश्न असतो, ताण्याचा धागा वर की खाली. नक्षी चौकटीच्या कागदावर उतरवावी लागते आणि तुकड्याची रुंदी मागाला किती हुक आहेत त्यावर ठरते. अशा कामाला बसायचं तर आधी विणणाऱ्याला भेटा, सॉफ्टवेअर नंतर उघडा.

आणि कुठल्याही कारखान्याला फाइल पाठवण्याआधी घरच्या प्रिंटरवर तुकड्याच्या नऊ प्रती काढा. तीन बाय तीन अशा भिंतीवर चिकटवा आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बघा. जे आधी डोळ्यात भरेल तेच दुरुस्त करा.